कोंबड्यांचे विरजण

आमच्या माळावर कोंबड्यांची शेड उभी राहिली ती आबांच्या मनाविरुद्ध. आबा म्हणजे माझे वडील, मायाप्पा. त्यांचे सारे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. चार पायांवर चालते ते जनावर, एवढी त्यांची व्याख्या होती. कावळा ओरडला तरी एकमेकींच्या अंगावर ढीग करणाऱ्या दोन पायांच्या जिवाला ते जनावर मानायला तयार नव्हते. "कोंबडी काय राखायची असती व्हय? ती पाव्हणं आल्यावर आठवायची असती," असे ते म्हणत. तरीही शेड उभी राहिली, कारण ती आईने मागितली होती. लग्नानंतर तिने नवऱ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट असावी. निदान माझ्या ऐकण्यात दुसरी नाही.

तिने शेड का मागितली, हे सांगायला हवे. कवठे महांकाळच्या पूर्वेला, जिथे हिरवे म्हणून बाभळीखेरीज फारसे काही दिसत नाही, तिथे आमचे दोन खणांचे दगडी घर होते. त्या घरात आम्ही पावसाळ्यापुरते राहत असू. दिवाळी झाली की आबा, आई आणि माझे चुलते तात्या मेंढरे घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठाकडे निघत. लोकांच्या रानात मेंढरे बसवायची, लेंडीचे खत त्यांना द्यायचे, त्यांनी धान्य द्यायचे, आणि दोन दिवसांनी पुढच्या रानाला लागायचे. परतीची वाट आषाढाच्या तोंडाला. वर्षातले आठ महिने आमच्या दाराला कुलूप असे आणि मी वसतिगृहात असे. आई मला वर्षातून चार महिने मिळे, आणि त्यातलेही पुष्कळसे दिवस ती मेंढरांचे पाय पाहण्यात घालवी. माझा जन्म कऱ्हाडच्या पुढे कोणाच्या तरी उसाच्या बांधावर झाला. तो बांध कोणाचा, हे तिलाही सांगता येत नसे. पुढे तिचे गुडघे धरले. चालताना ती काही बोलत नसे, पण मुक्कामाला पोचल्यावर बसायला तिला वेळ लागू लागला, असे तात्यांनी मला सांगितले. त्या वर्षी घरी परतल्यावर तिने आबांना म्हटले, "आवं, चारशे तलंगा घ्या. त्या चालत्यात कुठं? एका जागी ऱ्हात्यात." तलंगा म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग त्यांनी अट घातली. "दिवाळी झाल्यावर मेंढरं निघायच्या दिसापतूर कोंबड्यांचं बरं चाललं, तर ऱ्हाऊ. न्हाईतर इकून टाकायच्या आन् गुमान निघायचं." आई म्हणाली, "बरं." तिच्या दृष्टीने करार झाला होता.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. साताऱ्याला पशुसंवर्धनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून खंडाळा तालुक्यात एका मोठ्या पोल्ट्रीच्या खाद्यघरात कामाला लागलो होतो. त्यामुळे आमच्या शेडचा शास्त्रीय सल्लागार मीच होतो. सल्ला पत्रातून जाई आणि तो गावातल्या गुरुजींकडून आईला वाचून दाखवला जाई. शेडची लांबी किती, जाळी किती उंच, खाली भाताच्या तुसाचा थर किती जाड, हे सगळे मी लिहून कळवले. आईने ते जसेच्या तसे केले. आबांनी खांब रोवून दिले आणि नंतर तिकडे पाठ फिरवली.

मला ते घर आठवते ते त्या वर्षीच्या आवाजांनी. तोवर आमचा माळ मेंढरांच्या बें-बेंचा आणि कुत्र्यांच्या भुंकण्याचा होता. त्या पावसाळ्यात त्यात एक नवा सूर आला. अंडे घातल्यावर कोंबडी जो डंका पिटते, तो एकीने पिटला की दुसरी उचलते. चारशे कोंबड्या अंड्यावर आल्या तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास घरात माणसाला माणसाचे ऐकू येत नसे. आबा कपाळाला हात लावून म्हणत, "एक अंडं घातलं तर केवढी दवंडी. माझी मेंढी बिचारी जुळं देती आन् गप चराया लागती." आई हसे आणि हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे त्यांच्यापुढे ठेवी. सकाळी माडगे, दुपारी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी पुन्हा भाकरी आणि फुटक्या अंड्यांचे कालवण. फुटकी अंडी विकता येत नसत म्हणून ती घरात येत. ते कालवण आबांना अतिशय आवडू लागले होते. एकदा मी रजेवर आलो असताना त्यांनी आईला विचारले, "आज काय सगळीच धड निघाली व्हय?" त्यांच्या आवाजात खरीच निराशा होती. आज माझे डॉक्टर मला आठवड्यातून तीनच अंडी खायला देतात आणि तीही उकडलेली. त्यात काही अर्थ नाही, पण मी खातो.

गणपतीनंतर मका मिळेनासा झाला. आमच्या भागात मका पिकत नव्हता, मिरजेहून येत असे, आणि त्या वर्षी मिरजेतही तो नव्हता. आबांनी सांगलीच्या एका रवा गिरणीतून गव्हाची कणी आणि कोंडा आणला. आई तो भरडून खाद्यात घालू लागली. कोंबड्यांनी तक्रार केली नाही. पंधरा दिवसांनी शेडमधले तूस ओले होऊ लागले. कोंबड्यांची विष्ठा चिकट, पाझरणारी झाली. तुसाचा थर जमिनीला चिखलासारखा बसला. आत गेले की डोळे झोंबत. कोंबड्यांचे पाय लडबडलेले, आणि त्याच पायांनी त्या अंडी घालायच्या खोक्यांत चढत, म्हणून अंड्यांवर पिवळे-काळे डाग. आई प्रत्येक अंडे ओल्या फडक्याने पुसत बसे. पुसलेले अंडे टिकत नाही, हे तिला ठाऊक नव्हते. मी ते पत्रात लिहायला विसरलो होतो.

अशा वेळी पहिले निदान आबांनी केले. त्यांना कोंबड्यांची माहिती नव्हती, पण विष्ठा त्यांना वाचता येत असे. मेंढपाळ सकाळी उठल्यावर आधी मेंढरांच्या लेंड्या बघतो आणि मग मेंढरे बघतो. लेंडी कोरडी आणि सुटी असली की कळप ठीक. आबांनी काडीने कोंबड्यांची घाण उकरली, दोन बोटांत ओढून तिची तार काढून पाहिली आणि म्हणाले, "खाल्ल्यालं अंगी लागत न्हाई. गहू पोटात खळ होतोय." खळ म्हणजे कागद चिकटवायची. माझ्या खाद्यघरातल्या कोणाही माणसाने यापेक्षा अचूक सांगितले नसते. गव्हाच्या कोंड्यात एक चिकट भाग असतो. कोंबडीच्या पोटात तो फोडायची व्यवस्था नसते. तो पाणी धरून खळीसारखा फुगतो आणि बाकीचे अन्नही त्यात अडकून तसेच बाहेर पडते.

आईने गुरुजींकडून पत्र लिहवले. मी ते घेऊन साताऱ्याला माझ्या मास्तरांकडे गेलो. मास्तर मूळचे वाईचे, घाटावर वाढलेले. बोलणे शुद्ध आणि कपडे त्याहून शुद्ध. इंग्रजी शब्द वापरला की ते आम्हाला उभे करीत. त्यांनी कपाटातून अर्ध्या किलोचा एक डबा काढला. त्यात फिकट तपकिरी भुकटी होती. परदेशातून कोणी नमुना म्हणून आणलेली ती वस्तू होती. आपल्याकडे ती तेव्हा कुठे मिळत नव्हती. ते म्हणाले, "हे विकर आहे. एन्झाइम म्हणायचे नाही, विकर म्हणायचे. गव्हातला चिकट भाग हे फोडते. कोंबडीला जे जमत नाही ते हे तिच्यासाठी करते. खाद्यात मिसळून द्या." मी डबा घेतला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी पोचलो.

इथून पुढे जे घडले त्याचा दोष माझा आहे. तो मी इतक्या वर्षांनी प्रथमच लिहून ठेवत आहे.

अंगणात आबा, आई आणि तात्या बसले होते. मी डबा मध्ये ठेवला आणि मास्तरांच्या थाटात म्हणालो, "ह्याला विकर म्हणतात."

आबांनी मान वर केली. "काय म्हणत्यात?"

"विकर."

"विकार?" आबा तात्यांकडे वळले. "आयकलंस का? पोरगं साताऱ्यासनं कोंबड्यास्नी विकार घेऊन आलंय."

तात्या म्हणाले, "आधीच कमी हुता व्हय, दादा? आणखी डब्यातनं आणलाय."

"विकार न्हवं आबा, विकर. वि-क-र."

"एकच की रं. एक काना काढला म्हणून रोग जातोय व्हय?"

सगळे हसले. आईही पदर तोंडाला लावून हसली. मी तरुण होतो आणि हसणे मला सोसत नसे. मी चिडून म्हणालो, "बरं, औषध म्हणा. औषध हाय हे. पाण्यात कालवून खाद्याला चोळायचं, पाच चमचे रोज. झालं?" आईने डबा उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी दसरा झाला, तिसऱ्या दिवशी मी खंडाळ्याला परतलो.

बारा दिवसांनी रजा काढून पुन्हा आलो, ते वाटेत मनात शेड कोरडी झालेली पाहतच आलो. प्रत्यक्षात ती होती त्याहून वाईट झाली होती. दारातच नाकाला वास भिडला. कोंबड्या पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेल्या, डंका जवळजवळ बंद. शेडसमोर मिरजेचे अंडीवाले हारूणभाई उभे होते. ते आठवड्यातून एकदा येऊन अंडी नेत. माणूस सरळ होता. हातात एक अंडे धरून ते आबांना दाखवीत होते.

"मायाप्पा, हे बघ. धुतल्यालं हाय. बाजारात जाईस्तवर सडतंय. मागच्या खेपेची मी आसंच गटारात वतली, तुला बोललो न्हाई. आता मला जमायचं न्हाई गड्या."

आबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "औषध लागू पडलं न्हाई." त्यात राग नव्हता. हिशेब पुरा झाल्याचा सूर होता. दिवाळीला आठवडा उरला होता. शेजारच्या वस्तीवरचे लोक घोड्यांची खोगिरे दुरुस्त करायला लागले होते.

मी घरात जाऊन डबा उघडला. निम्म्याहून अधिक भुकटी संपलेली होती. मी डबा हातात घेऊन बाहेर आलो आणि हारूणभाईंच्या देखत आईला म्हणालो, "तू हे दिलंच न्हाईस. कुठंतरी वतून दिलंस. दिलं असतंस तर आसं झालं नसतं."

आईने फडके खाली ठेवले. "दिलंय," ती म्हणाली.

"मग गेलं कुठं?"

"दिलंय रं. रोज दिलंय."

हारूणभाई खाली बघू लागले. एवढेच म्हणाले, "भाबी खोटं बोलायच्या न्हाईत, बाळ," आणि रिकामे ट्रे सायकलला बांधून निघून गेले. आई पुन्हा अंडे पुसू लागली. ते अंडे आता कोणी घेणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. चुलीवर पितळी पातेले, त्यात पाणी खळखळ उकळत होते. तिने देवळीतला डबा काढला, रोजच्या पाचांतले अडीच चमचे भुकटी मोजून पाण्यात सोडली आणि वर ताटली झाकली. जाळ कमी केला. मग ती गुडघ्यावर हात ठेवून, ताटलीकडे लक्ष ठेवून बसली. तिच्या त्या बसण्यात देवापुढे बसल्याची निष्ठा होती.

"आये, हे काय करतीस?"

"औषध उतरवतीया."

"उकळून?"

"मग? औषध उकळल्याबिगर उतरतंय व्हय?" तिने माझ्याकडे वळून पाहिले. "तुझ्या आबाच्या खोकल्याला अडुळसा काय मी कच्चा चारती? निम्मं आटलं की काढती, गार करती आन् भरड्याला चोळती. सकाळ-सांज. बारा दिस झालं."

मी चुलीपाशी बसलो. आमच्या घरात औषध या शब्दाचा एकच अर्थ होता. माणसाचे असो वा मेंढराचे, औषध म्हणजे पाला, मुळी किंवा साल. ते पाण्यात घालायचे, निम्मे होईपर्यंत उकळायचे, म्हणजे त्यातला गुण पाण्यात उतरतो. मी तिला औषध म्हणून सांगितले आणि तिने औषधाचे जे करायचे ते केले. दिवसातून दोनदा, दुखऱ्या गुडघ्यांनी चुलीपुढे बसून, बारा दिवस. आणि उकळत्या पाण्यात पडल्याबरोबर त्या भुकटीचे काम संपत होते.

मी तिला सांगितले. शब्द शोधत सांगितले, कारण पुस्तकातले शब्द एकदा माझ्या अंगाशी आले होते. "ह्यात पाण्यात उतरायचा गुण न्हाई, आये. ही वस्तूच काम करती. गव्हात चिकट हाय ते ही तोडती, पोटात जाऊन. कोमट असलं तर बरं काम करती. लय गरम केलं तर मरती. मग नुसती माती."

आईने पातेले उतरवले. ताटली काढून आत पाहिले.

"म्हंजे विरजणच की," ती म्हणाली.

"व्हय. तसंच."

"आन् तू औषध म्हणालास."

"व्हय."

"विरजण म्हणाला असतास तर मी उकळलं असतं व्हय? विरजण का कोण उकळतंय, मुडद्या?" तिचा आवाज चढला. मी तो तसा चढलेला त्यापूर्वी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "पंचवीस वर्सं मेंढरांमागनं हिंडताना गाडग्यात विरजण सांभाळलंय मी. थंडीत पोटाशी धरून निजले, उन्हात वलं फडकं गुंडाळलं. मला शिकवायचं हुतं व्हय तुला? एक शबूद. दोन वर्सं साताऱ्याला ऱ्हाऊन एवढा शिकलास, आन् एक शबूद धड सांगाया आला न्हाई. वर परक्या माणसाम्होरं मला लबाड म्हणतोस."

काल बोललेले शब्द मी परत घेतले नाहीत. मला ते कसे घ्यायचे असतात हे माहीत नव्हते. त्या दिवशी घरचे सगळे पाणी आडातून मी ओढले. ते तिने पाहिले आणि दुपारी माझ्या ताटात भाकरीवर साय वाढली. आमचा व्यवहार तिथे मिटला.

शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने आईची उपमा चूक आहे. विरजण जिवंत असते, ते वाढते. विकर जिवंत नसते आणि वाढत नाही. पुढच्या नोकरीत मी सांगली जिल्ह्यातल्या गावोगावच्या सभांत पोल्ट्रीवाल्यांना ही भुकटी समजावून सांगत असे, तेव्हा विरजण हाच शब्द वापरत असे. एका शिकलेल्या तरुण अधिकाऱ्याने एकदा भर सभेत ही चूक दाखवून दिली. मी म्हणालो, तुमचे बरोबर आहे, पण माझे ऐकून यांतला एकही जण ते उकळणार नाही. आता तर काळजीच उरली नाही. ही वस्तू कारखान्यातूनच खाद्याच्या पोत्यात मिसळून येते. वाफेवर दाबून गोळ्या करतानाही मरू नये म्हणून तिच्यावर आवरण चढवतात. पोल्ट्रीवाल्यांना ती आत आहे हेही ठाऊक नसते. चांगले आहे. तरीही पोत्यावरचे बारीक अक्षर मी वाचतो.

डब्यात उरलेली भुकटी सगळ्या कोंबड्यांना जेमतेम आठ-दहा दिवस पुरली असती. मी ती निम्म्याच कोंबड्यांना द्यायचे ठरवले. शेडच्या मधोमध जाळी लावली, जुने तूस दोन्हीकडचे उपसून नवे पसरले, खाद्य दोन्हीकडे तेच ठेवले. उगवतीच्या बाजूला विरजण, मावळतीच्या बाजूला काही नाही. आईला हे पसंत पडले नाही. "त्यांनी काय घोडं मारलंय? त्यास्नीबी दे की." मी तिला समजावले की सगळ्यांना दिले आणि शेड सुकली, तर आबा म्हणतील वारा सुटला म्हणून सुकली. आबांना ती चांगली ओळखत होती.

त्या दिवसापासून भुकटी तिने स्वतःच्या हाती घेतली. पाणी कोमट करी, त्यात करंगळी बुडवी, क्षणभर थांबे. दुधाला विरजण लावताना ती अगदी तशीच करंगळी बुडवीत असे. करंगळीला रुचले की मग भुकटी. मला तिथे काही काम नव्हते. मी खाद्यघरात तापमापी वापरत असे आणि तिच्या करंगळीचे माप मी गुपचूप तपासून पाहिले. दुरुस्त करण्यासारखे काही निघाले नाही.

चौथ्या दिवशी मला फरक दिसला. सहाव्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. आबा न्हाऊन, नवे धोतर नेसून बाहेर आले, तेव्हा आई त्यांना म्हणाली, "आवं, जरा शेडात या."

"सणासुदीचं मला घाणीत कुठं नेतीस?"

"या तर."

आबा अनवाणी आत शिरले. ते आधी मावळतीच्या बाजूला गेले. चार पावलांत त्यांचे तळवे लडबडले. शिवी घालून बाहेर आले, पाय घासले आणि जाळी ओलांडून उगवतीच्या बाजूला गेले. तिथे ते थांबले. तूस पायाखाली कुरकुरले. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, मग खाली बसले. विष्ठेचा एक खडा तळहातावर घेतला आणि अंगठ्याने दाबला. तो फुटला, ओढला गेला नाही. सणाचे धोतर नेसलेला तो माणूस तो खडा बराच वेळ निरखत बसला होता. कोंबड्या त्यांच्या बोटांना चोची मारत होत्या आणि ते त्यांना हाकलत नव्हते.

"आता ही लेंडी झाली," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिले. "कोंबडीचं मेंढरू केलंस गड्या."

"मी न्हाई, आबा. आईनं लावलंय."

"त्ये म्हायती हाय मला," आबा म्हणाले आणि आईकडे वळले. "तिकडल्या बिचाऱ्या काय तुझ्या सावत्र हायत व्हय? त्यास्नीबी लाव की."

आईने माझ्याकडे पाहिले. मी जाळी काढली.

सगळ्यांना द्यायची तर भुकटी फार दिवस पुरणार नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला जाऊन मास्तरांपुढे उभा राहिलो आणि घडले ते सगळे सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "विरजण," ते स्वतःशीच म्हणाले. "हा शब्द मला सुचायला हवा होता." त्यांनी कपाटातले उरलेले दोन्ही डबे दिले. ते संपेपर्यंत मिरजेत मका यायला लागला होता. हारूणभाई पुढच्या आठवड्यात आले, एक अंडे हातात फिरवून पाहिले, ट्रे भरले आणि जाताना आईला म्हणाले, "भाबी, हात लावू नका हां अंड्यास्नी. आता आशीच द्या, सुकी."

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी मेंढरे निघाली. तात्यांनी घोडीला खोगीर चढवून हाक दिली, "दादा, तुमचं वझं आणा!"

आबा दारात उभे होते. "आमचं न्हाई. तुझं तू चढीव. मेंढरं घेऊन जा, गडी एक ठेव जोडीला."

तात्यांना आधी ते खरे वाटले नाही. "आन् तुमी? कोंबड्या राखणार? बिरोबा देवाम्होरं काय सांगू मी?"

"सांग, दादा विरजण लावाया ऱ्हायलाय."

तात्या हसले, पण त्यांनी घोडीची दोरी दोनदा सोडून पुन्हा बांधली. आबा मेंढरांबरोबर ओढ्यापर्यंत गेले. ते दुपार टळल्यावर परत आले, आणि चार दिवस त्यांच्याशी कोणी बोलू नये असे त्यांचे तोंड होते. त्यांनी काय सोडले हे मला तेव्हा समजले नव्हते. आज माझे वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरेच जास्त आहे आणि मला ते पुरते समजले आहे असे मी म्हणणार नाही.

मी खंडाळ्याला गेलो आणि मार्गशीर्षात दोन दिवसांची रजा काढून आलो. त्या महिन्यात आमच्या घराचे दार उघडे मी आयुष्यात प्रथमच पाहिले. सकाळची थंडी होती. आबा शेडमध्ये कोंबड्यांना काहीतरी दरडावत होते. मी पाण्याच्या बादल्या घेऊन निघालो होतो. इतक्यात आईने आतून हाक मारली.

"बिरा, ये हिकडं. बस हितं."

ती भिंतीला टेकून, पाय लांब पसरून बसली होती. मी शेजारी बसलो. पावसाळ्यात आमच्या घरात ऊन असे नव्हतेच, आणि आतला कोपरा तर काळोखाचा म्हणून तिने तिथे मडक्यांची उतरंड रचली होती. त्या सकाळी दारातून आलेले ऊन तिरपे होत थेट त्या कोपऱ्यापर्यंत गेले होते आणि उतरंडीवरून खाली सरकत होते.

"बघ," आई म्हणाली. "इस वर्सं झाली ह्या घराला. मला वाटायचं, हितं काळोखच असतोय."

ऊन दुसऱ्या मडक्यावर होते. थोड्या वेळाने ते तिसऱ्यावर गेले. आई उठली नाही, म्हणून मीही उठलो नाही. कोंबड्यांना त्या दिवशी पाणी उशिरा मिळाले.